उलटा हात नको

आमच्या अप्पांची कातडी पहिल्यापासूनच नाजूक. सगळी नोकरी एसटीत झाली, सोलापूर स्टँडवर कंट्रोलर होते, आणि ड्युटीला जायचं म्हणजे दाढी झालीच पाहिजे हा नियम त्यांचा त्यांनीच घालून घेतलेला. त्यामुळे लहानपणापासून मला त्यांचा गळा आठवतो तो लालच आठवतो. कंठाच्या आजूबाजूला बारीक बारीक पुटकुळ्या, उन्हाळ्यात त्यावर घाम, आणि मग दिवसभर मानेला ओला रुमाल. घरात कुणालाच त्यात विशेष काही वाटायचं नाही. दाढी केली की आग होणारच, पुरुषांचं असंच असतं, असं सगळे धरून चाललेले.

आता त्यांची दाढी मी करते. पॅरालिसिसचा झटका आला, त्यातून बोलणं वाचलं, चालणं हळूहळू परत आलं, पण उजव्या हाताची पकड काही आली नाही आणि चेहऱ्याची उजवी बाजू अजून जराशी ओघळलेलीच आहे. शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणजे ब्लेड नुसतं टेकलं तरी रक्त लवकर थांबत नाही. भावाने ट्रिमर आणून दिला होता पण अप्पांना ती दाढी दाढीच वाटत नाही, त्यांना ब्रश पाहिजे, फेस पाहिजे, मगात खळखळून रेझर धुतल्याचा आवाज पाहिजे. आजाराने माणसाकडून एवढं काढून घेतलंय, त्यात आपण अजून त्याची दाढी कशाला काढून घ्यायची, असं मला वाटलं आणि मी शिकले. शिकताना जी गोष्ट मनात पक्की बसली ती सांगायलाच हे लिहायला बसलीये. त्यांची ती इतक्या वर्षांची आग टाळता येण्यासारखी होती. नाजूक कातडीला दाढी झेपते हो, गुळगुळीतपणाचा हट्ट झेपत नाही.

झटक्यानंतर सुरुवातीला गल्लीतल्या सलूनचे दादा घरी येऊन दाढी करून जायचे, अप्पांना वर्षानुवर्षं ओळखणारा माणूस. मी त्यांनाच गुरू केलं. त्यांनी पहिल्या दिवशी मला रेझर हातात दिलाच नाही. म्हणाले, "ताई, आधी नुसता हात फिरवून बघा की वो, ज्या बाजूनं हात सरकतोय ती सुलटी, जिकडं टोचतंय ती उलटी." दोन-तीन दिवसांची वाढलेली दाढी होती, मी डोळे मिटून बोटं फिरवली आणि खरंच चकित झाले. गालावर केस सरळ खाली, हनुवटीवर खाली आणि जरासे आत, पण जबड्याची कड ओलांडून गळ्यावर गेलं की सगळं बदललं. डाव्या बाजूचे केस चक्क वर, कानाकडे तिरके, उजव्या बाजूचे आडवे, आणि कंठाच्या शेजारी चक्क भोवरा.

म्हणजे बघा, अप्पा आयुष्यभर वरून खाली असा एकच हात मारत आले. गालावर तो सुलटा होता, म्हणून गालाला कधी काही झालं नाही. गळ्यावर तोच हात उलटा पडत होता, आणि त्यावर परत गुळगुळीत व्हावं म्हणून ते खालून वर अजून एक हात फिरवायचे. प्रत्येकाच्या गळ्यावर भोवरा असेलच असं नाही, पण गळ्यावरचे सगळे केस एकाच दिशेला झोपलेत असं फार क्वचित असतं. मी एका कागदावर चेहरा काढून त्यावर बाण काढले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ज्यांना ज्यांना दाढीनंतर त्रास होतो त्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, क्रीम बदलायच्या आधी, महागडा रेझर घ्यायच्या आधी, हा बाणांचा कागद करा. फुकट आहे.

दुसरी गोष्ट पाणी, आणि याबद्दल मी जरा जास्तच बोलणारे.

दाढीचा कोरडा केस भलताच चिवट असतो. आपण समजतो ब्लेड स्टीलचं, केस म्हणजे काय, पण अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी 2020 मधे सायन्स या जर्नलमधे एक काम छापलं, त्यात त्यांनी दाखवलं की स्टील केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण असूनसुद्धा केस ब्लेडच्या धारेचे बारीक टवके काढतो. त्यांच्यातल्या एकाने स्वतःची दाढी करून करून प्रत्येक वेळी ते ब्लेड इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं. केस धारेला टेकताना वाकला आणि स्टीलमधे तिथे थोडा कच्चा भाग असला की टवका उडतो. तर असं टवके उडालेलं ब्लेड कोरड्या केसावर आणि नाजूक कातडीवर फिरवलं तर ते कापण्याच्या आधी ओढणार, आणि ओढलं की आग होणार, यात नवल काहीच नाही.

पण तोच केस पाणी प्यायला की फुगतो, मऊ होतो, आणि कापायला बराच कमी जोर लागतो. त्याला वेळ मात्र लागतो. चेहऱ्यावर दोन हबके मारून लगेच साबण लावला तर केस आतून कोरडाच राहतो. दोन-तीन मिनिटं तरी कोमट पाणी मुरलं पाहिजे. म्हणून आमच्याकडे दाढी अंघोळीनंतर, आणि अंघोळ नसेल त्या दिवशी नॅपकिन गरम पाण्यात बुडवून, पिळून, चेहऱ्यावर ठेवते, गार झाला की परत एकदा. पाणी कोमट, कढत नाही. कढत पाण्याने कातडीवरचं तेल निघून जातं आणि ती दाढी सुरू व्हायच्या आधीच लाल होऊन बसते.

आणि पाणी कसलं हेही बघायला लागतं. सोलापूरला उजनीचं पाणी काही रोज येत नाही, मधे दिवस जातात, म्हणून अंघोळीला धुण्याला बोअरचं. बोअरचं पाणी म्हणजे क्षार, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो ज्याने त्याने बघितलाय. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी धरून एक चिकट न विरघळणारा साका होतो, त्यामुळे फेस उभाच राहत नाही, राहिला तर दोन मिनिटांत बसतो, आणि तो साका कातडीवर चिकटून राहतो तो वेगळाच. अप्पा म्हणायचे आजकालच्या साबणांना फेसच नाही! मी फक्त दाढीच्या मगात फिल्टरचं पाणी घ्यायला लागले. एक मग फेसाला आणि रेझर धुवायला, एक तांब्या शेवटी तोंडावरून फिरवायला, एवढ्याने काही फिल्टर रिकामा होत नाही. फेस बघून तेच म्हणाले, हे नवीन क्रीम आणलंस का गं.

क्रीमचं म्हणाल तर मी वास नसलेलं घेते. स्किनच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं की नाजूक कातडीला सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी खूप कॉमन आहे, आणि थंडगार वाटावं म्हणून घातलेलं मेंथॉलही चुरचुरतं. नवीन काही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघायचं आणि मगच तोंडाला. अंघोळीच्या साबणाने दाढी करणारे अजूनही घरोघरी आहेत, त्यांना एवढंच सांगते की आपली कातडी किंचित आंबट बाजूची असते, पीएच साधारण 5 च्या आसपास, आणि साधा साबण 9-10 च्या घरातला. नाजूक माणसाला तो रोज रोज सोसत नाही. ब्रश मऊ घ्यायचा आणि घासायचा नाही, केस उभे राहतील इतपत गोल गोल फिरवायचा, बस. फेस लावून झाला की मी लगेच रेझर उचलत नाही. तेवढ्यात अप्पा मला आज कुठली गाडी लेट असेल ते सांगतात, अजूनही त्यांना सगळं टाइमटेबल पाठ आहे.

आता ब्लेड. इथे मला स्पष्ट मत आहे आणि ते बऱ्याच जणांना पटत नाही. नाजूक कातडीला, विशेषतः ज्यांचे केस कुरळे किंवा जाड आहेत त्यांना, एका पातीचा रेझर बरा. दोन पात्यांचा रेझर 1971 मधे आला, 1998 मधे तीन, 2006 मधे पाच, आणि जाहिरातीत सांगतात तेच खरंय, पहिली पाती केस थोडा ओढून वर काढते आणि मागची त्याला अजून खाली कापते. त्याने गाल गुळगुळीत होतो हे खरं. पण कापलेला केस परत आत सरकतो, कातडीच्या पातळीखाली, आणि वर येताना वाकडा आला तर बाहेर न पडता आतच कातडीला टोचतो. शरीर त्याला काट्यासारखंच वागवतं, सूज येते, लाल फोड येतो, कधी पू. आपण म्हणतो पिंपल आला, तो पिंपल नसतोच, तो आत वळलेला केस असतो. शिवाय पाच पात्या म्हणजे एका हातात कातडीवरून पाच वेळा धार फिरते, हा साधा हिशोब आहे.

आणि त्या बहुपाती रेझरला वाहतं पाणी लागतं, ते आपल्याकडे कुठे असतं दाढी करताना? यावरून एक खरी गोष्ट. जिलेटने भारतासाठी रेझर करायला घेतला तेव्हा आधीच्या एका मॉडेलची चाचणी त्यांनी अमेरिकेतच एमआयटीमधल्या भारतीय मुलांवर घेतली, त्यांना तो आवडला, आणि इथे आल्यावर लोकांची तक्रार की केस अडकतात. नंतर कंपनीची माणसं इथे घरोघरी बसून बघायला लागली तेव्हा कळलं की इथला माणूस जमिनीवर किंवा पाटावर बसतो, समोर छोटा आरसा, बाजूला कपभर पाणी, आणि त्यातच रेझर बुचकळतो. वाहतं पाणी नाही तर दोन पात्यांमधला साका निघणार कसा. त्यातून 2010 मधे एका पातीचा, मोकळ्या फटी असलेला, पुढे कातडी सपाट धरायला दाते असलेला स्वस्त रेझर आला, तेव्हा 15 रुपयाला होता आणि त्याचं ब्लेड 5 रुपयाला. मी अप्पांना तशाच प्रकारचा वापरते. मगात बुचकळला की साफ होतो, आणि ते दाते सुरकुत्यांच्या कातडीला ब्लेडच्या तोंडात जाऊ देत नाहीत, म्हातारपणी कातडी पातळ आणि सैल होते तेव्हा त्याचा फार उपयोग होतो. त्यांचा जुना पितळी रेझर पुसून कपाटात ठेवलाय, तो चांगलाच आहे, पण रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याला दुसऱ्याच्या हाताने त्याने दाढी करणं मला नको वाटलं.

ब्लेड पाच-सात दाढ्यांच्या पलीकडे नेत नाही, आणि मधेच ओढल्यासारखं वाटलं तर त्याच्याही आधी बदलते. दाढी झाली की खळखळून धुवायचं, झटकायचं आणि बाथरूमच्या बाहेर कोरड्या जागी उभं ठेवायचं. बाथरूममधे ओलं पडलेलं ब्लेड गंजतं आणि त्यावर जंतूही वाढतात. पुसायचं नाही, पुसताना धार जाते आणि बोटही. दुसऱ्याचं ब्लेड तर कधीच नाही, हिपॅटायटिस बी सारखे आजार रक्ताच्या एवढ्याशा अंशातून जातात, सलूनमधे बसल्यावर नवीन ब्लेड टाकताना आपल्या डोळ्यांनी बघायचं, त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

हात कसा असावा हे मला दादांनी शिकवलं त्याला तोड नाही. रेझर मुठीत धरायचा नाही, दांड्याच्या शेवटी दोन-तीन बोटांनी धरायचा. तिथे धरला की दाबावं म्हटलं तरी दाबता येत नाही. रेझरचं जेवढं वजन तेवढंच कातडीवर. छोटे छोटे हात, बोटाच्या दोन पेरांएवढे, आणि प्रत्येक हातानंतर बुचकळून साफ. एका जागी एकदा, फार तर दोनदा, आणि दुसऱ्यांदा फिरवायचं तर परत फेस लावून, नुसत्या ओल्या कातडीवर कधीच नाही. बहुतेकांची आग या एका सवयीतून येते, फेस गेलेल्या जागी परत परत चार केसांसाठी फिरवत बसणं.

कातडी ताणायची, पण बेताने. खूप ताणून कापलं की सोडल्यावर केस आत जातो, मग परत तेच वर सांगितलेलं दुखणं. माणूस स्वतः दाढी करताना गाल फुगवतो, तोंड वाकडं करतो, ते उगाच नसतं. अप्पांना डाव्या बाजूला जमतं, उजवा गाल फुगत नाही, हवा ओठातून निसटते. तिथे मी त्यांनाच डाव्या हाताचं बोट आतून गालाला टेकवायला सांगते, आणि कानाजवळची कातडी मी वर धरते. तोंडात बोट घालायचं म्हणून सुरुवातीला त्यांना लाज वाटायची. आता आपण होऊन घालतात, आणि मी विसरले तर डोळ्यांनी खुणावतात.

हे सगळं पाळूनही शेवटी येतो तो प्रश्न, कुठे थांबायचं. अप्पांची सवय अशी की झालं की हाताची पालथी बाजू गळ्यावरून खालून वर फिरवून बघणार, आणि जरा लागलं की "इथं राहिलंय." ते राहिलेलंच असतं. मी मुद्दाम राहू देते. सुलट्या हाताने केस कातडीच्या बरोबरीला कापला जातो, थोडंसं खरखरीत लागतं, पण बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. केस दिवसाला साधारण पाव-अर्धा मिलीमीटर वाढतो, म्हणजे तो जादाचा गुळगुळीतपणा टिकतो किती, संध्याकाळपर्यंत. त्या संध्याकाळपर्यंतच्या सुखासाठी पुढचे दोन-तीन दिवस गळा पेटलेला ठेवायचा हा सौदा मला कधीच मान्य होणार नाही. यावरून आमची खूप वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं, गालावर त्यांचं ऐकायचं, गळ्यावर माझं. आणि रोजच्या ऐवजी एक दिवस आड, कधी दोन दिवस आड, कातडीला भरून यायला वेळ मिळतो. रिटायर माणसाला रोज दाढी कशाला पाहिजे असं नाही, हवी तर करावी, पण गळा सोडून फक्त गाल केले तरी माणूस टापटीप दिसतो.

नंतरचं. गार पाण्याने फेस पूर्ण धुवायचा, कानामागे आणि हनुवटीखाली राहतो तोही, आणि टॉवेल टेकवून टिपायचं, चोळायचं नाही. तुरटीचा खडा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे आणि तो चांगला आहे, कातडी आखडते, बारीक रक्त थांबतं, जंतूंनाही थोडा आळा बसतो. पण तसाच लावून सोडला तर नाजूक कातडी कोरडी पडून ताणते, म्हणून लावून अर्ध्या मिनिटाने धुऊन टाकायचा, आणि खडा ज्याचा त्याला. कुठे कापलंच तर मी तुरटीच्या भरवशावर राहत नाही, स्वच्छ कापूस घेऊन काही मिनिटं न उचलता दाबून धरते. मधे मधे उचलून बघितलं की परत सुरू होतं. डेटॉल तोंडाला नको. आफ्टरशेव्हमधे अल्कोहोल असतं, नुकत्याच खरवडलेल्या कातडीला त्याची आग होते आणि ती सुकतेही. पण अप्पांना त्यांच्या आफ्टरशेव्हचा वास पाहिजेच, ते लाल टोपणाच्या बाटलीतलं, तो वास म्हणजे आमच्यासाठीही अप्पाच. म्हणून दोन थेंब शर्टावर. तोंडाला बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, कातडी जराशी ओली असतानाच.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. गळ्याला पुरळ आलं की मेडिकलमधून "दाढीच्या फोडांवर काहीतरी द्या" म्हणून ट्यूब आणू नका. त्यातल्या कितीतरी मलमांमधे स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते आणि माणूस खूश होतो, पण महिनोन्‌महिने लावत राहिलं तर कातडी पातळ होते, बंद केलं की दुपटीने भडकते, आणि खाली फंगस असेल तर ते पसरत जातं. 2018 साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम केला, तरी मागणारे मागतात. ब्लेडची साधी लाली एक-दोन दिवसांत आपोआप बसते, त्याला गार पाण्याची पट्टी पुरे. पू दिसतोय, दुखतंय, पुरळ गोल गोल पसरतंय, किंवा माणसाला शुगर आहे, तर सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे. आणि आत वळलेल्या केसांचे फोड सारखेच येत असतील तर ब्लेड तीन-चार आठवडे पूर्ण बंद ठेवून ट्रिमरने थोडे खुंट ठेवून कापायचं, तेवढ्यात अडकलेले बरेचसे केस आपसूक बाहेर येतात. चिमट्याने उकरून काढायचा मोह होतो, उकरू नका, काळे डाग राहतात आणि ते जायला फोडापेक्षा जास्त वेळ लागतो. आपण बायका पायांना काखेला रेझर लावतो तिथेही हेच सगळं लागू आहे, काखेत तर केस दोन-तीन दिशांना असतात.

अप्पांच्या गळ्यावर आता पुटकुळ्या नाहीत. त्यांना स्वतःला ते आरशात फार दिसत नाही, पण रात्री झोपताना मान खाजवायचे ते बंद झालंय हे आईच्या लक्षात आलं.

पुढच्या महिन्यात अक्कलकोटला आत्याच्या नातवाचं लग्न आहे आणि अप्पांनी आत्तापासून लावून धरलंय की त्या दिवशी तरी एक उलटा हात मार. बोलणी झाली आहेत. दाढी लग्नाच्या सकाळी घाईत नाही, आदल्या संध्याकाळी, म्हणजे कातडीला रात्रभर शांतपणा मिळेल. गालावर सुलटा झाल्यावर परत फेस लावून एक आडवा हात, उलटा नाही. गळ्याला फक्त सुलटा. मगाबरोबर फिल्टरच्या पाण्याची बाटली इथूनच न्यायची, तिथलं पाणी कसं असेल काय माहीत, आणि नवीन ब्लेड मी आजच आणून बॅगेत टाकलंय.